खोक्याचं उलटं झाकण

आई, तुझं झाकण मी काढून टाकलं. तुयेच्या औषधांच्या कारखान्यात, बेल्टच्या शेवटी, तुझ्या उजव्या हाताला खोक्याचं जे उलटं झाकण असायचं, तेच. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ते तिथेच होतं. खोकी बदलत गेली, पण बायकांनी ती जागा सोडली नाही. गेल्या बुधवारी ते उचललं गेलं आणि त्याला कारण मी. आज रविवार आहे, जेवण उरकलंय, जनेलातून तू लावलेलं बिंबलीचं झाड दिसतंय, आणि माझं डोकं इतकं तापलंय की कोणाशी तरी कडाडून भांडावंसं वाटतंय. घरात भांडायला कोणी नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

मी कॉम्प्युटरवर काय करते ते तुला कधी नीट कळलं नाही. 'टायपिंग करता' असं तू शेजारणींना सांगायचीस आणि मी चिडायचे. आता तर टायपिंगसुद्धा मी करत नाही. प्रोग्राम एजंट लिहितात. एजंट म्हणजे माणसं नव्हेत, यंत्रच, सांगितलेलं काम आपलं आपण करणारं. एक आराखडा आखतो, दुसरा प्रोग्राम लिहितो, तिसरा तपासतो. काय हवंय ते मी आधी बारीकसारीक लिहून द्यायचं, त्याला आम्ही स्पेक म्हणतो. सहा महिन्यांचं काम आठ दिवसांत होतं हे खरं, पण त्या आठ दिवसांत माझे केस पांढरे होतात. पाळ्या दोन आहेत असं लिहिलं, तर एजंटनं तिसरी, रात्रपाळी, स्वतःच्या मनाने घातली, कारण कारखान्यांत ती असतेच म्हणे. चालू असलेल्या भागाला हात लावू नको म्हटलं, तर तो 'सुधारून' ठेवला. रागावलं की लगेच, तुमचं अगदी बरोबर आहे. उलट उत्तर दिलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि काम कुठलं आलं म्हणशील, तर तुझ्याच कारखान्याचं. गोळ्यांच्या पट्ट्या तपासणाऱ्या बायकांसमोर कॉम्प्युटरचे पडदे बसवायचे. पट्टी चांगली असेल तर हिरवं बटण, खराब असेल तर लाल. मॅनेजर नवीन आहेत, सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, दोनच प्रकार ठेवा. चांगला आणि खराब. उगाच गुंतागुंत नको." मी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

मी आठवीत असताना एकदा तुझा डबा घरी राहिला होता, तो द्यायला आले होते. काचेपलीकडे तुम्ही सगळ्या निळ्या टोप्या घालून ओळीने बसलेल्या. तुझा हात एका पट्टीवर थांबतो. तू ती चांगल्यात टाकत नाहीस, खराबातही नाही, हळूच झाकणात ठेवतेस. मग चहाची घंटा होते आणि चहाला पळायचं सोडून तू आणि तुझ्या शेजारच्या दोघी त्या झाकणाभोवती जमता, एकेक पट्टी उजेडाकडे धरता, एकमेकींना दाखवता आणि मग ठरवता. हा नियम कुठल्याही कागदावर नव्हता. साहेबांना तो ठाऊक होता आणि ते काही बोलत नसत. घरीसुद्धा तुझं तेच. मला डिचोलीचं स्थळ आलं, मुलगा सरकारी नोकरीत, पण बोलताना समोर बघेना, तेव्हा तू बाबांना म्हणालीस, "झाकणात दवर." दोन मावश्या जाऊन पुन्हा बघून आल्या. तो बिचारा अजून झाकणातच असेल.

आणि चोपड्याहून आणलेल्या तिसऱ्यांचा तो दिवस. मी चुलीपाशी त्या शिंपल्या निवडायला बसलेय, उघड्या तोंडाच्या मेलेल्या म्हणून फेकतेय, मिटलेल्या टोपात टाकतेय. एक अर्धवट उघडी होती, तीही मी टोपात टाकली. तू पाठमोरी होतीस, तरी तुला कसं दिसलं कोण जाणे.

"ती जिवी मगो?"

"हय."

"तुका खबर आसा, काय तुका दिसता?"

मला नुसतं वाटलं होतं, माहीत नव्हतं. मग तू करवंटीत मिठाचं पाणी घेतलंस, जिवंत असेल तर मिटेल म्हणून ती तिसरी त्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "खबर ना जाल्यार खबर ना म्हण गो. तातूंत लज कसली?" त्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला होता. एका तिसरीसाठी एवढं काय!

बुधवारी चाचणीसाठी पडदे बसले. तुझ्या शेजारी बसायची ती सिंधुदुर्गातली मावशी अजून तिथे आहे, दर वर्षी कंत्राटावर. आता तुझ्या जागेवर तीच बसते. तिने एक पट्टी उचलली, एका गोळीवरची चांदी जराशी चुरगळलेली. उजेडाकडे धरली, सवयीने उजवीकडे हात नेला, तर तिथे पडदा.

"गो बाय, आमचा झाकान खंय गेला? ही खंय ठेवू?"

"चांगली आहे की खराब, मावशी?"

"तांच तर माका कळणा नाय."

"हिरवं नाहीतर लाल दाबा, मावशी. तिसरं काही नाही त्यात."

तिने लाल दाबलं. दुपारपर्यंत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांत जास्त लाल तिच्या नावापुढे. मॅनेजर सहज म्हणाले, "ह्या बाई बराच माल फुकट घालवतात." ते तिने ऐकलं. गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिने हिरवं दाबलं. एकही पट्टी उजेडाकडे धरली नाही. मॅनेजर खूश झाले, म्हणाले, बघा, सिस्टिममुळे किती फरक पडला. मी मावशीकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघेना. चाचणीचा तो माल बाहेर जाणार नाही, पण उद्या सोमवारपासूनचा जाईल. कोणाच्या तरी पोटात जाईल तो, आई.

शुक्रवारच्या बैठकीत मी सांगितलं की तिसरी जागा हवी होती, एजंटला ते कळलं नाही, या यंत्रांना असलं काही सुचतच नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. यंत्राची चूक म्हटली की कोणालाच वाईट वाटत नाही. बदल पुढच्या टप्प्यात बघू, असं ठरलं. मावशीला चहाच्या वेळी गाठून मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "मशीनच ता. तेका काय कळतला?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आज सकाळी एजंटचं सगळं जुनं बोलणं उघडलं. एजंटने हा निर्णय आपल्या मनाने घेतला याचा पुरावा मला हवा होता, रात्रपाळी घातली तसा. आराखडा आखण्याआधी त्याने मला अकरा प्रश्न विचारले होते. सातवा असा होता: तपासणाऱ्या व्यक्तीला खात्री नसेल तर पट्टी कुठे ठेवायची? तिसरा पर्याय हवा का? त्याच्याखाली माझं उत्तर: नको. दोनच. पुढे चल.

त्याने विचारलं होतं, आई. सातवा प्रश्न वाचला तेव्हा तुझं झाकण माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं, नक्की आलं होतं. तिसरं बटण म्हणजे आणखी एक पडदा, मॅनेजरांशी आणखी एक वाद, आणखी दोन दिवस, म्हणून मी ते बाजूला सारलं. आठ दिवस त्याच्या नावाने खडे फोडले आणि जे एकदा त्याने नीट विचारलं तेच मी उडवून लावलं.

उद्या बेल्ट चालू होण्याआधी मॅनेजरांच्या टेबलापाशी उभं राहून हे सांगायला हवं, आणि मग मावशीला. जमेल की नाही ते आता लिहीत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तर तुला लिहिता आलं. तू इथे असतीस तर ओरडली नसतीस, पाठमोरीच राहून तेवढंच विचारलं असतंस, तुका खबर आसलें, काय तुका दिसलें?

खबर होतं, आई.