कोरीटची तार

३ फेब्रुवारी

सर पुन्हा तेच म्हणाले— "नुसती माहिती नको. एक तरी खरी तार मिळव." प्रबंध तारखात्यातल्या बायकांवर, आणि जवळ एकही तार नाही!

प्रकाशा गावच्या सिंधुबाई तरुणपणी नंदुरबारला तार ऑफिसात होत्या. कट्टकट्ट ऐकत इंग्रजी मजकूर उतरवून घ्यायच्या. सगळं सांगतात— मजकूर तेवढा नाही. "ज्यानी तार, त्यालेच सांगानी. खातं बंद पडनं म्हनीसन नेम बंद पडस का, पोरी?"

५ फेब्रुवारी

झोप नाही. घरात शिकलेली मी पहिलीच. चुकलं तर विचारायचं कुणाला?

८ फेब्रुवारी

आज सिंधुबाईंना आमच्याच घरची गोष्ट सांगितली. आजोबा ऊसतोडीला सुरतेकडे गेले होते. बाबा पोटात. आमच्या गावी, कोरीटला, तार आली. तार म्हणजे मरण, एवढं गावाला ठाऊक! तारवाला दिसताच बायकांनी गळा काढला. वाचता कुणाला येत होतं? फुलीआजीनं कुंकू पुसलं. कागद चुलीत घातला. आजोबा परत आलेच नाहीत.

सिंधुबाईंचा चहा हातातच राहिला. "कोरीटनी फुलीबाई? ती तार मीच लिवी. मन्ही पहिली एकटीनी ड्यूटी व्हती."

"काय होतं तिच्यात?"

"ती तुन्हा नावनी नव्हती."

भांडले! एवढ्या मोठ्या बाईंशी! "मी नात आहे तिची!"

"आजी जित्ती शे ना? मंग तिले मन्हाकडे लई ये."

९ फेब्रुवारी

न्यावं का? गेलेल्या माणसाचं दुःख पुन्हा उकरायचं— कशासाठी? खरं लिही, जागृती. प्रबंधासाठी.

बाबा म्हणाले, "म्हातारीले कशाले तरास?" तरी आजीला विचारलं. ती चपला शोधायला लागली.

११ फेब्रुवारी

प्रकाशा. सिंधुबाईंनी मला बाहेर काढून दार लावलं. "नात असो का कलेक्टर— बाहेर!"

ओट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. आतून रडण्याचा आवाजसुद्धा नाही.

आजी बाहेर आली ती थेट बस स्टँडकडे निघाली. बसमध्ये विचारलं, "आजी, काय होतं?" खिडकीबाहेरच बघत राहिली.

मी हे काय करून बसले?

१२ फेब्रुवारी

सकाळी आजी नवं लुगडं नेसून दारात उभी. हातात पिशवी. "कुठं निघालीस?"

"तुन्हा आजानी माले सुरतले बलायेल शे."