रोझीसाठी केलेला फोन

प्रिय शिवदासदादा,

कुत्रं निरोगी कसं ओळखायचं, हे तूच मला शिकवलंस. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, वरून पाहिलं तर कंबर दिसावी. तू मांद्र्याला पिल्लं विकायला लागलास, तेव्हा गावभर कौतुक सांगत फिरले होते मी.

चतुर्थीला माहेरी आले, तेव्हा मागच्या पिंजऱ्यात तुझी कुत्री रोझी उभी राहतानाही लटपटत होती. तिच्या बरगड्या मला लांबूनच दिसल्या. दीड वर्षात ती तिसऱ्यांदा व्याली होती.

"दादा, हिला आता विश्रांती दे रे."

तू हसलास. "अगो, गिरायकां थांबली आसत."

पाळी गावी, सासरी परतल्यावर मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. शेवटी प्राणी कल्याणवाल्यांना फोन केला. तुझं नाव, पत्ता, सगळं सांगितलं. मी तुझी बहीण आहे, एवढंच सांगितलं नाही.

ते रोझीला त्यांच्या निवाऱ्यात घेऊन गेले, तुझा धंदा बंद झाला. तू रडत फोन केलास, "सुमे, कोणी केलां गो ह्यां?" मी म्हटलं, "माका काय ठावक?"

काल वहिनी म्हणाली, तू रोज त्या निवाऱ्यात जाऊन रोझीला स्वतःच्या हातानं पेज भरवतोस. ते ऐकून खूप रडले, आणि लिहायला बसले.

पण हे पत्र टाकणार नाही. रविवारी येते आणि तोंडानंच सांगते. हवं तेवढं ओरड, पण जेवल्याशिवाय पाठवू नकोस.

तुझीच,
सुमंगला