वाकळीची बातमी

४ डिसेंबर १९७८
थंडी एकदम पडली. पोरं प्रार्थनेला काखेत हात घालून उभी राहतात. हेडमास्तर म्हणाले, यंदा शाळेनं काहीतरी करायला पाहिजे. मी लगेच पुढं. जुने कपडे गोळा करू, गरजू मुलांना वाटू. माझी जीभ नेहमी माझ्या आधी पोचते. घरमालकीण काशीअक्का यांना सांगितलं तर त्यांनी तेव्हाच पेटी उघडून नातवंडांचे दोन स्वेटर काढले. चांगले आहेत, नुसते आखूड झालेत म्हणाल्या.

७ डिसें.
फेरी झाली. पुढं डफ, मधे पोरं, मागं मी. वेशीपासून मारुतीपर्यंत, तिथून पेठेत. दुपारी चौथीच्या वर्गात कपड्यांचा ढीग. डांबरगोळ्यांचा वास, बटणं तुटलेली. तरी खूश आहे. चहा दोनदा घेतला.

११ डिसें.
सोमवार, बातम्यांचा दिवस. गावच्या बातम्या मी फळ्यावर लिहायच्या आणि प्रार्थनेनंतर सुजातानं वाचायच्या, ही आमची पद्धत. चौथीत आहे, आवाज खणखणीत. आज घाईत लिहिलं. थंडी वाढली. हरभऱ्याला घाटे लागले. गोळा झालेले कपडे पुढील मुलांना मिळतील. खाली नावं, बहुतेक तळ्याकडच्या गल्लीतली, बौद्धांच्या घरांतली. त्यात तिचंही. ती वाचत आली, स्वतःच्या नावाशी थांबली. मग तेही वाचलं, पुढची वाचली. किती स्पष्ट वाचलंस म्हणून मी शाबासकी दिली.

१३ डिसें.
सुजाता काल नाही, आज नाही. त्या गल्लीतल्या बाकीच्यांनीही कपडे नेले नाहीत. ढीग तसाच. हे.मा. म्हणतात, लाजत असतील, नेतील हळूहळू. मला तसं वाटत नाही. पण काय ते कळत नाही.

१५ डिसें.
स्वेटर घेऊन सुजाताच्या घरी गेले. गयाबाई, तिची आई, अंगणात तूर बडवत होत्या. स्वतःची दोन एकर आहे. पाट दिला, चहा दिला, सगळं रीतसर. स्वेटर पुढं केला तर त्यांनी हात पदरात घेतला.
म्हणाल्या, "कापड वाईट न्हाई, बाई. पर आमी बुद्धाला शरण गेलाव त्या दिशी माझ्या सासऱ्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, आजपसून कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं न्हाई. तवापसून लावलं न्हाई."
मग त्यांनीच विचारलं, "आन् तुमची फेरी आमच्या गल्लीत कामून आली न्हाई?"
तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं. खोटं बोलले. खरं म्हणजे डोक्यातच आलं नव्हतं. देणारी घरं कुठली, घेणारी कुठली, हे मी निघण्याआधीच ठरवून टाकलं होतं. आणि वर त्या पोरीच्याच तोंडून ते गावाला ऐकवलं. फार लाज वाटली. सुजाता आत होती, बाहेर आली नाही. निघताना स्वेटर पिशवीत खाली दाबला.

१६ डिसें.
हे.मा.ना सगळं सांगितलं. म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता. म्हटलं, हेतूचं काय लोणचं घालू? हसले बिचारे. पुन्हा फेरी काढते, तळ्याकडूनच सुरू करते म्हटल्यावर हसू गेलं. गावात चर्चा होईल, वरून कुणी विचारलं तर काय सांगू, वगैरे. टिफिनचा डबा बंद करता करता शेवटी म्हणाले, डफ जरा हळू वाजवा.

१९ डिसें.
फेरी तळ्याकडून. डफ हळू वाजला नाही. पहिल्याच दारात एका आजीबाईंनी कोरा पंचा दिला, घडी न मोडलेला. कुणी ज्वारी, कुणी गूळ. पेठेतल्या घरांनी मागं कपडे दिले ते आत बसून, पोरांकडं न बघता. इथं बाया दारात येऊन दोन्ही हातांनी देत होत्या.
गयाबाई म्हणाल्या, "वाकळ शिवायलेय. झाली की पाठवते. गावात ज्याला लागंल त्याला द्या. कुणाला बी."
कुणाला बी, हे पुन्हा एकदा म्हणाल्या.
घरी अक्कांना सांगितलं. त्यांनी चूल फुंकली आणि विषय बदलला.

२० डिसें.
सुजाता आली! अंगावर आईची शाल, गाठ मारलेली. सोमवारी बातम्या वाचशील ना, विचारलं. "नको, बाई." अजून काही बोलले असते तर रडली असती, किंवा मी.

२६ डिसें.
काल नाताळची सुट्टी, म्हणून बातम्या आज. तिसरीतल्या एकानं वाचल्या. कुणाला काही ऐकू गेलं नाही. सुजाता मान खाली घालून पायानं माती उकरत होती. ही पोर पुन्हा मान वर करून उभी राहिली पाहिजे. दुसरं काही नको मला या हिवाळ्यात.

२९ डिसें.
येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. अक्कांच्या शेतावर जेवले. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, कडब्याच्या कोपीतली पूजा. पोट तट्ट. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळ्या शिवारात लोक पेटता हेंडगा, कडब्याची चूड, घेऊन पिकाभोवती फिरत होते. वारा होता. विठाबाईंच्या शेतात ठिणगी छपरावर गेली. त्यांचं राहतं घर तिथंच, कडब्यानं शाकारलेलं. माणसं, बैलं वाचली. भांडी निघाली. अंथरूण पांघरूण सगळं गेलं. त्यांची मंगल आमच्या पहिलीत आहे.

३० डिसें.
शाळा सुटताना गयाबाई स्वतः आल्या, डोक्यावर वाकळ. जड, दाट टाके, कडेला लाल पट्टी. "विठाबाईला द्या," म्हणाल्या. "आत माझी लुगडी हायत, धुतलेली. पर वरून दोनी अंगानं नवं कापड घातलंय, ठाणाकुशनूरच्या बाजारातलं. उतरलेलं दिलं म्हणू नये कुणी."
सुजाता वाकळीचा कोपरा धरून उभी होती. काही टाके तिचे आहेत, मोठे मोठे.
अक्कांना दाखवली. हात लावून बघितली, काम चांगलंय म्हणाल्या. मग, "कुणाची ते सांगू नका, बाई. विठाबाईचं घर जुन्या वळणाचं. सांगाल तर घ्यायची न्हाई, आन् लेकरू कुडकुडंल."
अक्का वाईट मनानं बोलल्या नाहीत. तेच जास्त टोचलं.

३१ डिसें.
वाकळ घेऊन शेतावर गेले. वाटेत अक्कांचं म्हणणं पटत होतं, खोटं कशाला बोलू. न सांगता दिली तर मंगलला ऊब मिळेल आणि गावात काही होणार नाही. पण मग सुजाताच्या हाती काय लागणार?
विठाबाई जळक्या भिंतीपाशी राख उपसत होत्या. वाकळ उलगडून बघितली, चेहरा निवळला. "कुणाच्या घरची?"
सांगितलं. नावासकट.
त्यांनी वाकळीवरचा हात काढला नाही, पण हलवलाही नाही. मंगल खोकत होती. मग म्हणाल्या, "ठिवा तिथं, गाडीवर." मी ठेवली. वळून बघितलं तेव्हा वाकळ गाडीवरच होती.

१ जानेवारी १९७९
सोमवार. फळ्यावर लिहिलं, तळ्याकडच्या गल्लीतून विठाबाईंच्या घरी वाकळ दिली. प्रार्थनेच्या आधी सुजाता फळ्यापाशी येऊन उभी. आपणहून. मला इतकं बरं वाटलं की खडू हातातून पडला.
तिनं मनातल्या मनात वाचलं. मग विचारलं, "घेतली का त्यांनी?"
म्हटलं, मी नेऊन दिली.
"तसं न्हाई, बाई. रातच्याला पांघरली का?"
मला माहीत नाही म्हणाले. मंगल आज शाळेत आली नव्हती, तिला विचारावं तर.
सुजातानं फळ्यावरची ती ओळ पुन्हा बघितली. "मग आज मी न्हाई वाचत. पुसू बी नका. मी जाऊन विचारते."
एकटीला कसं पाठवणार? मी येते म्हटलं, पण आधी आईला विचार. बातम्या झाल्या नाहीत. हे.मा.नी फळा बघितला आणि चष्मा पुसला.
आता संध्याकाळी गयाबाईंचा निरोप आला, शेजारच्या बाईबरोबर. पोरीला न्या. पर विठाबाई बसा म्हणली तरच बसायचं. उभं ठिवलं तर इचारायचं आन् माघारी यायचं, रडायचं न्हाई.
उद्या शाळा सुटली की निघतो. भीती मला वाटते आहे, तिला नाही.