सुनंदाची हिरवी साय

९ फेब्रुवारी १९४६

पुन्हा फाटली! दोन दिवसांची साय, फडक्यात बांधून घट्ट केलेलं दही, वर अख्खं लिंबू – आणि वाडग्यात नुसत्या गुठळ्या. मांजरानंसुद्धा वास घेऊन तोंड फिरवलं.

लग्नाला आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत हे आपण होऊन माझ्याशी एकदाच बोलले. दिवाळीत जेवताना म्हणाले, पूर्वी पचडीवर हिरवी साय असायची. पूर्वी म्हणजे सुनंदाच्या वेळी. यांची पहिली. कॅम्पातल्या एका मड्डमेला ती मराठी शिकवायला जायची, तिथं ही साय शिकली. मड्डम कच्च्या पाल्यावर ओतायची, हिनं आपल्या काकडी-मुळ्याच्या पचडीवर ओतली. मग ती तापानं गेली आणि निपाणीहून मला आणलं.

तीच चव एकदा ताटात पडली तर हे बोलतील माझ्याशी. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

१० फेब्रुवारी

आज खारट!

१२ फेब्रुवारी

चूक कुठं होते ते कळलं, पण इलाज नाही. चाखल्याशिवाय असला पदार्थ जमतो का? आणि या घरात चाखायची सोय नाही. सुनंदाचा टाक, मेलेल्या सवतीच्या नावानं घडवलेला चांदीचा पत्रा, माझ्या गळ्यात आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक घालायचाच. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. ताट आधी तिला दाखवायचं, मग घरानं जेवायचं. आक्का, माझ्या सासूबाई, चुलीपाशीच पाट टाकून बसतात, माझ्या बोटांवर नजर ठेवून. परवा म्हणाल्या, "उष्टं दाखवलंस तर सुखानं नांदू द्यायची न्हाय ती तुला."

म्हणून मीठ अंदाजानं, लिंबू अंदाजानं. आंधळी कोशिंबीरच चालली आहे!

ती कुठल्या तिथीला गेली, विचारलं की आक्का विषय बदलतात. फोटो एकही नाही. निदान चेहरा माहीत असता तर एवढी भीती वाटली नसती. विळीवर बसले की मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मान वळवून बघायचा धीर होत नाही.

१५ फेब्रुवारी, दुपारी

आक्का देवळात गेल्या आणि मी चाखलं!

दही-साय चमच्यानं सारखी केली, घुसळली नाही. पुदिना-कोथिंबीर वाटली की कडवट होते, म्हणून बारीक चिरून घातली. मिरची, मीठ, चिमूटभर मोहरीची पूड. लिंबू थेंब थेंब, अगदी शेवटी. फाटली नाही. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. बरी होती, पण काहीतरी राहिलं होतं – आणि माझा हात सरळ आक्कांच्या भाजीसाठी आणलेल्या शेपूच्या जुडीकडे गेला. शेपू! मला लहानपणापासून त्याचा वास आवडत नाही. चार काड्या चिरून घातल्या, परत चाखलं. चव बसली.

मी तर ती साय कधी खाल्ली नाही. मग तो हात कुणाचा होता? हे लिहिताना अंगावर काटा येतो आहे. टाकाला उष्टंच दाखवलं. मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. चांदी गळ्याशी गार लागत होती.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, आता बोलतील. काय बोलतील ते मी आठ महिने मनात घोळवलं होतं.

ताट बाजूला सारून माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा असं नीट बघितलं असेल.

"खरं सांग," म्हणाले, "ती आलती का हितं? कुठं भेटली तुला?"

आक्का धावत आल्या आणि पोटच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला.

मेलेली बाई भेटते कुठं?

१६ फेब्रुवारी

काही लिहवत नाही. मी आत गेले की आक्का बाहेर जातात.

१७ फेब्रुवारी

आक्कांना हाताला धरून बसवलं. आधी रडल्या, मग सांगितलं. सुनंदा मेलेली नाही. मड्डम विलायतेला निघाली तेव्हा तिच्याबरोबर निघून गेली. लोंढ्याला गाडी बदलताना शेजारच्यांनी बघितली. लोकांत तोंड कसं दाखवायचं म्हणून यांनी ताप सांगितला, सुतक धरलं, सोनाराकडून टाक करून आणला. आणि जिवंत बाईचा तो टाक माझ्या गळ्यात बांधला.

आधी राग आला, मग खूप रडले. म्हणजे माझ्या मागं कधीच कुणी उभं नव्हतं. शेपू मीच घातला. माझ्या जिभेला तो कळला.

दुपारी परत साय केली, चाखत चाखत. पहिलं ताट माझं वाढून घेतलं.