देवाचं मी चाखत नाही

कांदिवली, १२ ऑगस्ट १९८६

ती. भावोजींस, सुलक्षणाचा नमस्कार.

कोकमं, तांदूळ आणि आपली चिठ्ठी पोचली. हमाली तीन रुपये. टीव्हीवर आमटी करून दाखवताना मी सगळ्यांदेखत चाखली, म्हणून यंदा गावच्या गणपतीच्या नैवेद्याला हात लावू नये, असं आपण लिहिलंत. भावोजी, तिथे चाखायलाच सांगतात. देवाचं मी वीस वर्षं न चाखता रांधलं, आणि मीठ चुकलं असं आपण पानावर एकदाही म्हणाला नाहीत.

हे म्हणतात, "दादाला असलं पत्र टाकू नको हां." तरी देवापुढे बसून लिहिते: कार्यक्रम सोडणार नाही, नैवेद्यही मीच करणार. एसटीवर न्यायला कोण येतंय, तेवढं उलट टपाली कळवावं.

आपली,
सुलक्षणा