बारावा मजला खरंच हलला होता

पुष्पा,
तू कापूस वेचणीले गेल्यावर मी पांढरकवड्याहून हैदराबादची बस धरून राह्यलो. याडीची बीपीची गोळी आणून फळीवर ठेवली आहे, जेवण झाल्यावर म्हातारीले दे.

तांड्यात लोक काहीही सांगोत, त्या सकाळी मी दारू पेलो नव्हतो. हैदराबादच्या साइटवर बाराव्या मजल्यावर भिंतीले पाणी मारत होतो अन् अख्खी बिल्डिंग डोलायले लागली. बालटी टाकून खाली पळालो, तर खाली कोणालेच काही समजलं नव्हतं. ठेकेदार सगळ्यांसमोर म्हणाला, "शाम, सकाळीच लावली का?" अन् कामावरून काढलं. भेलो म्हणाची लाज वाटली, म्हणून गप्प राह्यलो. घरी तुह्यासमोरही.

काल शाळेतल्या सलील सरांले विचारलं. ते म्हणाले, "भूकंप दूर समुद्रात झाला होता. इतक्या लांबून येईपर्यंत संथ लाटाच उरतात. ठेंगण्या घरांना त्या जाणवत नाहीत, उंच इमारतीला मात्र झुलवतात."

ठेकेदाराले हेच सांगतो. त्यानं घेतलं तर त्याच मजल्यावर चढीन, भेव वाटलं तरी.

पोचल्यावर रामधनकाकाच्या दुकानात फोन करीन. तू फोनवर ये. आठ दिवस झाले, एका घरात राहून तुहा आवाज ऐकला नाही.

शाम