सुजाताचा फुटलेला ओठ

गुरुवार, संध्याकाळ

काल सकाळी खळ्यावर भात झोडत होतो. सुजाता म्हणाली, "आई, दुपारी कॉलेजात नाटकाची तालीम हाय, जाते."

धाकटे दीर ओरडले, "पयलं वरीस शिकायला की नाचायला गो?" आणि तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला.

मी हातातला दांडका त्यांच्या मनगटावर घातला. हाड वाजलं.

"वयनी, येडी झालीस?"

"परत हात लावलास तर दुसरापण मोडीन."

कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकायला मिळेल ते सगळं घे, असं मीच तिला सांगितलं होतं. हे असते तर भावाला समजावलं असतं. मला तेवढा धीर नाही. पण तिचा ओठ... दिरांचा हात मोडला याचं मला वाईट वाटायला हवं. का वाटत नाही?

आज सकाळी तिला कॉलेजला जायला महाडच्या एसटीत बसवलं आणि उरलेलं भात एकटीनं झोडलं.